आजींच्या वाटची पावलं

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अजून अंदाजानंच लावते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही कन्नड. आमची माणसं पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या फौजेत आली, ती इथलीच झाली. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मं कन्नड. मराठी लिहायला मी चाळिशी उलटल्यावर शिकले. ज्या आजींना मी चालायला मदत करत होते, त्यांनीच शिकवलं. त्यांच्या व्यायामाच्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यांवर हे लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही. वाचलंच कुणी, तर अक्षराबद्दल माफ करावं. बाकीच्याबद्दल माफ करा म्हणायचा मला हक्क नाही.

आजी सांगलीकडच्या. तिकडे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर इथे म्हैसुरात, बोगादीला मुलाकडे राहायला आल्या. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, सकाळी आठला गेले की संध्याकाळी सातला येणार. आजींना कन्नड येत नव्हतं. गल्लीच्या टोकाला बाग आहे, तिथे एका सिमेंटच्या बाकावर कोल्हापूरच्या एक बाई रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. त्याही मुलीकडे राहणाऱ्या. दिवसभरात आजी जे काही बोलायच्या, ते त्या बाकावरच्या एका तासात. मग न्हाणीघरात पाय घसरून आजींचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यापासूनच मला ते काम मिळालं. नजरबादच्या माझ्या घरून दोन बस बदलून मी रोज जायचे.

पहिल्याच दिवशी आजी म्हणाल्या, "मला त्या बाकापर्यंत नेऊन सोड. मग तुझी सुटका."

कोल्हापूरच्या बाई भेटायला येते म्हणत होत्या. आजींनी येऊ दिलं नाही. "तिनं मला पलंगावर पडलेली बघायचं नाही. मीच येणार म्हणावं. जागा धरून ठेव."

मी परत जाताना बागेवरून जायचे आणि निरोप द्यायचे. कोल्हापूरच्या बाई म्हणायच्या, "मास्तरीणबाईंना सांग, जागा धरलीय, पण कावळे ऐकत नाहीत. रोज एक येऊन बसतोय."

हे सांगितलं की आजी हसायच्या. "त्याला म्हणावं, पाढे पाठ असतील तरच बस."

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओ यायच्या, इथल्याच. त्यांनी घर बदलून टाकलं. न्हाणीघरात धरायला दांड्या लावल्या, संडासावर उंच सीट बसवली, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकायला लावल्या. चाकाचा वॉकर आणला. खुर्चीत बसून पायानं ताणायचा रबरी पट्टा दिला. आणि पावलं मोजणारा घड्याळासारखा एक बँड. वॉकर धरला की हात हलत नाहीत, म्हणून तो मनगटात न बांधता पायात, घोट्याच्या वर बांधायचा. दिवसाची पावलं मुलाच्या आणि फिजिओंच्या फोनवर आपोआप जायची. फिजिओ कन्नड बोलायच्या, आजी मराठी. मधे मी. आयुष्यात चार माणसांत कधी तोंड न उघडलेली मी, आणि दोघींची सगळी बोलणी माझ्या तोंडून जायची.

फिजिओंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. "अक्का, पहिले तीन-चार महिने फार मोलाचे. आत्ता पाय वापरले नाहीत तर पुढे कितीही केलं तरी कमीच पडेल." आणि दुसरी, "त्यांना उचलू नका. शेजारी उभ्या राहा, हात मागे ठेवा."

दोन्ही मी आजींना सांगितल्या. दुसरी मी स्वतः पाळली नाही. म्हातारं माणूस खुर्चीतून उठायला धडपडतंय आणि आपण हात मागे बांधून बघतोय, हे मला जमेना. आमच्यात सासूला पाण्याचा तांब्या हातात द्यायचा असतो, तिला उठून घ्यायला लावायचा नसतो. मी बगलेत हात घालायचे आणि आजी वर यायच्या. त्यांना बरं वाटायचं, मला त्याहून बरं.

दुपारी व्यायाम झाला की आजी मला वहीत लिहायला लावायच्या. टाच उचलणे, दहा वेळा. गुडघा ताणणे, दहा वेळा. मी 'गुढगा' लिहायचे. "अगं, गुडघा! तुझं मराठी म्हणजे सांबारात घातलेलं पुरण," म्हणायच्या. पण चिडायच्या नाहीत. पुन्हा लिहून घ्यायच्या.

एक दिवस दोनशे पावलांवर त्यांना घाम फुटला. खुब्यात कळ आली. त्या दिवशी तीनशे व्हायला हवी होती. खुर्चीत बसून त्यांनी पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "हा बँड काढ आणि तू बांध. उरलेली शंभर माझ्या वाटची तू चाल."

"अय्यो आजी, असं कसं?"

"का? बेट्टावर गेलीस ना माझ्यासाठी?"

गेले होते खरी. त्या दवाखान्यात असताना मी चामुंडीच्या बेट्टाच्या, म्हणजे डोंगराच्या, हजार पायऱ्या चढले होते, प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत, त्यांच्या नावानं. आमच्याकडे तसं करतात. ज्याला चालवत नाही त्याच्या वाटचं दुसऱ्यानं चालायचं, देव मोजून घेतो. माझी आईही शेजारणींच्या वाटच्या प्रदक्षिणा घालून यायची. त्यामुळे मला त्यात खोटं असं दिसलंच नाही. मी पदर खोचला, बँड पायात बांधला आणि हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या घातल्या. आजी खुर्चीतून मोजत होत्या. "छान दिसतो गं तुझ्या पायात. एकाच पायाचं पैंजण."

संध्याकाळी मुलगा आनंदानं घरात आला. "आई, तीनशे!" आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले.

त्या शंभराचे दीडशे झाले, मग तीनशे. कधी आजी सांगायच्या, कधी मीच त्यांचा थकलेला चेहरा बघून वाकायचे आणि बँड सोडायचे. मुलगा भला माणूस. म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे आई चालतेय. रोजची पाचशे झाली की माझ्याकडून तुम्हाला पाच हजार." पाचशे झाली. त्यांतली दोनशे आजींची होती. मी पाच हजार घेतले. पाकीट हातात घेताना खाली मान घातली, तर सून म्हणाली, "किती लाजता हो!" त्या पैशांतून घराचे गळके पत्रे बदलले.

फिजिओ आता घरी येत नव्हत्या. शनिवारी फोनवर दिसायच्या. एका शनिवारी त्या खूश होऊन म्हणाल्या, "रोज सातशे! अक्का, आता वॉकर बाजूला ठेवू. चार पायांची काठी घ्या. आणि व्हरांड्याची पायरी उतरायचा सराव सुरू करा. आजी तयार आहेत ना? विचारा."

मी आजींना विचारलं. आजींनी वॉकरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हो म्हण. सातशे चालणारीनं नाही कसं म्हणायचं?"

फोन टेबलावर उभा होता. दोन वाक्यं होती, कन्नडमधली, मला रोजची. त्या दोनशेच चालतात. उरलेली मी चालते. मी म्हणाले, "हो, तयार आहेत."

तिसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या पायरीवर आजींचा पाय दुमडला. मी दंड धरला होता, पण अंगाचा सगळा भार आला तेव्हा तो माझ्या हातातून निसटला. त्या डाव्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. खुबा वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब. पण मनगटाला प्लास्टर म्हणजे वॉकर धरता येणार नाही. दीड महिना खुर्ची आणि पलंग. ते मोलाचे म्हटलेले महिने असे गेले. रोज त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावताना माझ्या हाताखाली त्या ढिल्या होत चाललेल्या मला कळत होत्या.

मुलगा म्हणाला, "ताई, तुमची काय चूक? पडायचं असलं की पडतं माणूस." मी तेव्हाही बोलले नाही. आजीही बोलल्या नाहीत. व्यायामाची वही आम्ही दोघींनी उघडली नाही.

दसऱ्यानंतर कोल्हापूरच्या बाईंच्या मुलीची पुण्याला बदली झाली. बाईंनी मला बागेत थांबवलं. "उद्या निघतोय. मास्तरीणबाईंना म्हणावं, आज तरी या. कावळ्याला मी उठवते."

आजींनी निरोप ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "चाकाची खुर्ची काढ."

मुलानं पडल्यानंतर भाड्यानं आणलेली खुर्ची होती, आजींनी तिला हातही लावला नव्हता. त्यांनी चांगलं लुगडं नेसवून घेतलं. प्लास्टरवर शाल घेतली. मी खुर्ची ढकलत गल्लीतून नेली. फाटकापासून बाकापर्यंत एकशे ऐंशी पावलं आहेत, मी कितीतरी वेळा मोजली होती. त्या दिवशीही मोजली, ती माझीच होती.

कोल्हापूरच्या बाई बाकावरून उठल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, असं होय? मला वाटत होतं, तुम्ही चालत येणार."

"मलाही," आजी म्हणाल्या.

दोघी अर्धा तास बसल्या. एक बाकावर, एक खुर्चीत. बाकावरची धरून ठेवलेली जागा मोकळीच राहिली. मी लांब चाफ्याखाली उभी होते. घरी आल्यावर आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोघींनी मिळून केलं. रडू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहिलं. बोलून जमलं नसतं. याच वहीतलं एक पान फाडून, आजींनी शिकवलेल्या अक्षरात. पाच हजारांचंही लिहिलं. मुलगा संध्याकाळी आल्यावर पान त्याच्या हातात दिलं आणि दाराशी उभी राहिले. त्याने दोनदा वाचलं.

"तुम्ही चालत होतात?"

मी मान हलवली.

"दोनशेच होतात म्हणाला असतात, तर मी काय रागावलो असतो?"

आतून आजी ओरडल्या, "तिला काही बोलू नकोस! माझी अक्कल होती ती."

"आई, तुझ्याशी नंतर बोलतो," तो म्हणाला. खूप थकलेला दिसला.

मला वाटलं, काढून टाकतील. काढलं नाही. पण त्याने फिजिओंना फोन लावून तो माझ्या हातात दिला. त्यांना मी कन्नडमध्ये सांगितलं, पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचं नाही तर माझं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्का, तो आकडा बघून मी काठी दिली." एवढंच. ते वाक्य अजून भांडी घासताना ऐकू येतं.

प्लास्टर निघाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फिजिओ परत घरी येऊ लागल्या. बँड बंद. आता मी फरशीवर खडूनं रेघा मारते आणि आजी रेघेपर्यंत येतात. त्यांनी खुर्चीतून उठायला घेतलं की मी हात मागे नेऊन पदराचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरते, म्हणजे हात पुढे जात नाहीत. कधी त्या पाचव्या खेपेला उठतात. मला पाहवत नाही, तरी पाहते. "साकु, पुरे आता, आजी, बसा," असं तोंडावर येतं, ते गिळते.

त्या फाटकापर्यंत येतात आता, वॉकर घेऊन, मधे एकदा थांबून. त्याच्या पुढे नाही. फिजिओ म्हणतात, याहून फार अपेक्षा ठेवू नका. फाटकाशी उभं राहिलं की बागेचा कोपरा दिसतो. बाकावर आता कॉलेजची मुलं बसतात. आजी तिकडे बघतात आणि म्हणतात, "चल, वळू."

पाच हजार मी दरमहा पगारातून पाचशे असे परत द्यायला लागले. मुलानं पहिल्यांदा घेतले नाहीत. "ताई, हे काय?" आजींनी पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं. "देते तर घे. नाही घेतलेस तर तिला आयुष्यभर झोप लागायची नाही. मी ठेवते." दर महिन्याला त्या वहीत तारीख घालायला लावायच्या आणि माझा 'पाचशे' तपासायच्या.

काल शेवटचं पाकीट दिलं. आजींनी नोट बाहेर काढून उजेडात धरली, मग पाकिटात परत घालून वॉकरच्या कापडी पिशवीत टाकली. मी घेऊन कपाटात ठेवायला हात पुढे केला.

"हात मागे," त्या म्हणाल्या.

खुर्चीतून त्या तिसऱ्या खेपेला उठल्या. कपाटापर्यंत सोळा पावलं. किल्ली फिरवायला वेळ लागला. पाकीट आधीच्या नऊ पाकिटांवर ठेवून त्यांनी दार लावलं आणि मला वही आणायला सांगितली. मी लिहिलं, पाच हजार रुपये, सगळे फिटले. आजींनी वाचलं. एक अक्षरही दुरुस्त केलं नाही.