दहा पावलं मागे

आयुष्यात एकाही जिवाला कधी 'थांब' न म्हणालेला माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच, आणि तो नेमका आमच्या नशिबी दाजी म्हणून आला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते आमच्या अंबरपेठच्या घरी आले, तेव्हा अनारशांच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. आई हळदीची चिमूट घेऊन धावली, तर हे नवे जावई जमिनीवर पालथे! "असू द्या हो आई, कुठनं येतात बघू तरी," असं म्हणत अक्काच्या नेलपॉलिशचा ठिपका काडीनं एकेका मुंगीला लावत ते जे सरकत निघाले, ते मागच्या अंगणातून थेट शेजारच्या तेलुगू बाईंच्या देवघरात. बाई पूजेला बसलेल्या. केवढी बोंबाबोंब झाली! तोवर इकडे डबा मुंग्यांनी फस्त केला. "शिकलीसवरलेली मुलगी दिली आणि जावई मिळाला मुंग्यांचा," असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची.

नोकरीही असलीच. प्रयोगशाळेत भिंगाखाली पेशी ठेवायची आणि ती कुठं निघाली ते दिवसभर बघत बसायचं. पेशी चालते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जखम भरायला पेशी काठाकाठानं आत सरकत येतात म्हणे. एकदा विळीवर माझं बोट कापलं, मी चिंधी शोधत नाचतोय, आणि दाजी माझा हात धरून आनंदानं म्हणतायत, "निघायच्या तयारीत असतील बघ!" पुढे पेशी पुरेनात म्हणून ते पक्ष्यांकडे वळले. हिवाळ्यात तळ्याकाठी जाळी लावून पाहुण्या पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालायची आणि सोडून द्यायचं. "परत येत नाहीत तर घालता कायकू?" मी चिडून विचारलं. "येतात की. माझ्याकडंच यायला पाहिजेत असं कुठंय?" म्हणाले. त्यांचा नियम एकच: दहा पावलं मागे राहायचं, मधे पडायचं नाही, वहीत लिहायचं. पक्षी असो, मांजर असो, नाहीतर रुसून निघालेला पाहुणा असो.

मग अक्काला विसर पडायला लागला. आधी भाजीतलं मीठ, मग नातवंडांची नावं, आणि एक दिवस दाजीच. लग्नानंतरचं सगळं पुसून गेलं. चार वाजले की पर्स काखेला लावून ती काचीगुड्याच्या घरातून निघायची. "आई वाट बघत असेल." आईला जाऊन वीस वर्षं झालेली. आमच्या घराच्या जागी फ्लॅट झालेत, त्यातल्याच एकात मी राहतो. रस्त्यावर बसगाड्या, ऑटो, कुणाला कुणाची पर्वा नाही. माझा जीव टांगणीला. मी जाऊन त्यांच्या दाराला वर एक कडी बसवून आलो. दुसऱ्या दिवशी दाजींनी ती काढून टाकली. मी नको नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काल तिनं चार ते सात दार थोपटलं रे. जायची वेळ झाली की पिंजऱ्यातलं पाखरूसुद्धा त्याच दिशेला उड्या मारत राहतं. माझ्यानं बघवलं नाही."

तेव्हापासून पुढे अक्का आणि मागे दहा पावलांवर दाजी. ती थांबेल तिथं वहीतल्या नकाशावर एक टिंब. माझ्या दाराशी पोचली की मी चहा टाकायचो आणि दाजी बाहेर जिन्यात बसायचे. "तो माणूस रोज माझ्या मागं येतो रे," अक्का माझ्या कानाशी म्हणायची, "पण सभ्य आहे बिचारा. लांबनंच येतो. त्यालाही चहा दे." मी कप घेऊन जिन्यात गेलो की दाजी विचारायचे, "अजून काय म्हणाली?" काय सांगणार, कप्पाळ!

एकदा त्यांनी मला नकाशा दाखवला. शाळा, बांगड्यांचं दुकान, मैत्रिणीचं घर, सगळी टिंबं लग्नाआधीची. "ह्यात एखादं माझं आहे का बघतोय," म्हणाले. साखरपुड्यानंतर ते सायकल घेऊन एका कोपऱ्यावर तिची वाट बघत उभे राहायचे. तो कोपरा रोज वाटेत लागायचा, आणि अक्का रोज तिथून न थांबता पुढं जायची.

नकाशात एक विचित्र वळसा होता. एका फंक्शन हॉलसमोर मोकळं पटांगण आहे. सगळी दुनिया त्यातून सरळ जाते, पण अक्का भिंतीच्या कडेकडेनं. दाजींनी तिथल्या पंक्चरवाल्या म्हाताऱ्या चाचांना विचारलं. "यां पे बावडी थी साब, इत्ती बडी! हमारे बचपन में भर दिये." मी अक्काहून अकरा वर्षांनी धाकटा, मला ती विहीर आठवतच नाही. आईनं 'कडेनं जा गं' म्हणून बजावलेलं तेवढं तिच्या पायात राहिलं होतं.

त्याच हिवाळ्यात एकदा त्या पटांगणात दाजींना शेपूट हलवणारा धोबी पक्षी दिसला. हिमालयापलीकडनं आलेला पाहुणा! बघता बघता ते भान विसरून सरळ चालत सुटले. आणि पुढं गेलेली अक्का धावत मागे आली. त्यांचं मनगट घट्ट धरून म्हणाली, "अहो, तिकडनं नका जाऊ, बावडी आहे." हाताला धरून तिनं त्यांना कडेकडेनं पलीकडे नेलं, मग हात सोडला आणि आपल्या वाटेनं चालू लागली. त्या दिवशी जिन्यात दाजी चहाला शिवले नाहीत. वहीत लिहिलं होतं: 'आज निरीक्षकामुळे मार्ग बदलला. नोंद धरू नये.' खाली नकाशात मात्र पटांगणावर, भलत्याच जागी, एक टिंब काढलेलं होतं.

पौषात अक्का गेली. दाजी अजून चारला निघतात, चालत माझ्याकडे येतात, आणि सवयीनं जिन्यातच बसतात. मीच त्यांना हात धरून आत आणतो. परवा मी त्यांना घ्यायला काचीगुड्याला गेलो आणि आम्ही बरोबर चालत निघालो. फंक्शन हॉलपाशी मी आपला सरळ निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तिकडनं नको, बावडी आहे."

"दाजी, ती केव्हाच बुजवली."

"माहितीये रे," म्हणाले, पण मनगट सोडेनात. मग आम्ही दोघं म्हातारे भिंतीच्या कडेकडेनं वळसा घालून घरी आलो.