आधी मराठीत

गरम झालेल्या जुन्या रेडिओचा वास आला, की मला आमच्या हिंदी मुलखाचं नवं राज्य झालं ते वर्ष आठवतं. मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमासाठी रेडिओवाले शहराच्या लश्कर नावाच्या भागातल्या आमच्या शाळेत आले होते. आपल्या शहराविषयी बोलायला बाईंनी मला पुढे केलं. रेडिओचे साहेब म्हणाले, “बेटी, हिंदी में बोलो.” मी म्हटलं, “हिंदीत बोलेनच, पण आधी मराठीत. माझ्या आईला समजलं पाहिजे.” ते हसले आणि त्यांनी दोन्ही भाषांत रेकॉर्डिंग घेतलं. कार्यक्रम लागला तेव्हा नया बाजारातल्या शेजाऱ्यांकडे सगळी गल्ली जमली. माझा आवाज ऐकताच, साताऱ्याहून लग्न होऊन आलेली, हिंदी बोलायला लाजणारी आई मोडक्या हिंदीत ठणकावून म्हणाली, “ही हमारी लडकी है!” पुढे टीव्हीवर मुलांसाठी मी कितीतरी पाठ सादर केले, कॅमेऱ्याकडे बघून बोलत होते ते तिच्याशीच.