सुईवरचे कुंकू

पडद्यावरच्या बाईने लस टोचणाऱ्या ठकाच्या सुईला कुंकू लावले आणि त्याच्यापुढे लोटांगण घातले. जव्हारच्या त्या सभागृहात, दाराखिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी केलेल्या अंधारात, हशा पिकला. पुढच्या खुर्चीतून निवृत्त अंमलदारसाहेब मागे वळले.

“काय गं, ओळखलीस का? तुझी आई!”

पुन्हा हशा.

मी ओळखले नाही. माझ्या आईने कुणाच्याही सुईला कुंकू लावले नव्हते.

ही याच संस्थानात घडलेली खरी हकीकत आहे, असे बोलपटवाल्यांनी आरंभीच जाहीर केले होते. मी मुंबईत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. मिश्रणातले घटक वेगळे करणे मला शिकवले आहे. तेव्हा वेगळे करते.

देवी टोचणारा एक तोतया डॉक्टर आमच्या साखरशेतच्या पाड्यावर आला होता, एवढे खरे. मी तेव्हा आठ वर्षांची होते. बोलपटात तो देखणा आहे, गातो, पाड्यावरच्या पोरी त्याच्यावर जीव टाकतात. खरा माणूस ढेरपोट्या. जळवांच्या भीतीने पाटलाच्या ओट्यावरून खाली उतरत नसे, आणि रोज एक कोंबडी खाई. कुपीत रंगवलेले पाणी. बोलपटात अडाणी माणसे आपण होऊन त्याच्या पायाशी धावतात. आम्हाला दवंडी पिटून, शिपाई पाठवून आणले होते. कारण त्याच्याजवळ कचेरीचा दाखला होता. मग फसले कोण? चार इंग्रजी वाक्ये ऐकून ज्यांनी दाखला दिला, ते.

आता आई. तिला लहानपणी खरी लस टोचली होती. फोड येतो, खपली धरते, डाग राहतो, हे तिला स्वतःच्या हातावरून ठाऊक होते. तिने आठ दिवस माझा आणि धाकट्या भावाचा दंड रोज पाहिला. नवव्या दिवशी भावाला कडेवर घेऊन, मला चालवत, ती जव्हारच्या कचेरीत गेली.

“साहेब, माज्या हाताला फोड आलता. पोरांचे हाताला काय नाय आला. त्याची दवा खोटी हाय.”

अंमलदार म्हणाले, “दाखल्यावर सही माझी आहे. तीही खोटी का गं?”

“डॉक्टरीणबाई आल्या!” एक कारकून ओरडला. सगळी कचेरी हसली. शिपायाने आम्हाला बाहेर काढले.

पुढच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. भाऊ गेला. माझ्या दंडावर लशीचा डाग नाही. चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत.

बोलपटाच्या शेवटी एक चाणाक्ष अंमलदार ठकाला बेड्या घालतो. टाळ्या. वास्तवात तोतया कधीच सापडला नाही. आणि त्याला दाखला देणारे तेच साहेब आज अध्यक्षाच्या खुर्चीत बसून स्वतःच्या न घडलेल्या पराक्रमाला टाळ्या वाजवत होते.

खेळ संपला. घोंगड्या निघाल्या. साहेबांनी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला. शाळेची समितीही त्यांच्याच हाती. त्यांच्या हातात दुसरा कागद होता : येथील शाळेत विज्ञान शिकवण्याची माझी नेमणूक.

“दोन ओळी लिही, हकीकत खरी आहे म्हणून. शास्त्र शिकलीस, शिवाय त्यांच्यातलीच. जाहिरातीत छापतील. मग ही घेऊन जा.”

ती नेमणूक मला हवी होती. फार हवी होती. मी दोन ओळी लिहिल्या आणि उभी राहून मोठ्याने वाचल्या :

“ठक पकडला गेला नाही. त्याला दाखला देणारे समोर बसले आहेत, आणि ज्या बाईने त्याला ओळखले तिला त्यांनीच हाकलले.”

कोणी हसले नाही. साहेबांनी नेमणुकीची घडी करून ती खिशात घातली.

“शेवटी पाड्यावरचीच!”

“होय,” मी म्हणाले.

सोमवारी जामसर गावापासून आरंभ करते आहे. घरोघर जाऊन प्रत्येक मुलाचा दंड पाहणार आणि लस टोचल्याच्या कचेरीच्या दाखल्याशी ताडणार. जेथे डाग नाही तेथे दाखला खोटा, सही कुणाचीही असो. ते प्रत्येक नाव मी दरबारात उभी राहून वाचणार आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी तेथे हसावे.