मागच्या उजव्या चाकावरची जागा

फिलिपिन्सच्या डोंगरातल्या आमच्या तालुबिन गावात जीपमध्ये कोणी आपण होऊन बसत नाही, बसवलं जातं. जीप बसएवढी लांब, आत समोरासमोर दोन बाकं. ड्रायव्हर आम्ब्रो मागच्या दाराशी उभा राहतो, येणाऱ्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघतो आणि बोट दाखवतो. तू डावीकडे, पुढे. तू उजवीकडे, मधे. तू छपरावर, कोबीच्या पोत्यांत. छपरावर चौघंच, पाचवा चढला की वळणावर गाडी झुलते. एकदा बागियो शहरातून आलेला एक पाहुणा म्हणाला, मला दाराशी वाऱ्याला बसायचंय. आम्ब्रो म्हणाला, "बस की. दुसऱ्या वळणावर वाऱ्याबरोबरच जाशील." पाहुणा मुकाट्याने मधे बसला.

थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळं गाव त्याला मानोंग म्हणतं. वय त्रेसष्ट, उंची बेताची, डोक्यावर बारा महिने लोकरी टोपी. गाडी चालवताना पायात काही घालत नाही. गाडी कशी समजते असं कोणी विचारलं तर सांगतो, "रस्ता डोळ्यांनी बघायचा, गाडी ढुंगणाने बघायची." लाज म्हणून नाही या माणसाला. पण खोटंही नाही ते. एकतीस वर्षं तो हा घाट चढतोय-उतरतोय, आणि गाडीत कोण कुठे हललं हे त्याला मागे न बघता कळतं. गाबिनोची सून दोन जिवांची आहे हे तिच्या सासूच्या आधी त्याला कळलं. तो फक्त म्हणाला, "आजपासून तू मधे बस, तिथे कमी आदळतं." सासूने घरी जाऊन बोटं मोजली.

माझी जागा ठरलेली. मागे, उजव्या बाकाचं शेवटचं टोक, अगदी दाराशी. बावीस वर्षं. मी सोमवारी गाजराची पोती घेऊन आले की कोणी तिथे टेकलेलं असलं तरी आम्ब्रो त्याला उठवायचा. "ऊठ, ती गार्दाची जागा आहे." एकदा तर चर्चच्या पाद्रीबाबांना उठवलं. आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल? मला वाटलं, मान आहे. माझा नवरा तोमास आणि आम्ब्रो एका ताटातले मित्र, त्यात आम्ब्रोची बायको फेमिया माझी चुलतबहीण. तोमास गेला त्यालाही आता अकरा वर्षं झाली. मला वाटायचं, त्याच्या माघारी माझी एवढी तरी किंमत कोणी ठेवतंय. त्या जागेत एकच खोट होती. गेली काही वर्षं बाकाखाली कापडात बांधलेले दगड असायचे, हल्ली एकच, आणि माझी टाच नेमकी त्याच्यावर आपटायची. दर सोमवारी मी त्या दगडाला शिव्या द्यायची. आम्ब्रो म्हणायचा, "असू दे, चाकाला लावायला लागतो." पण चाकाला लावायचा दगड दुसराच होता, पुढे, त्याच्या पायाशी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तर या वर्षी काय झालं, आम्ब्रोचा परवाना संपला. म्हणजे चार वर्षांपूर्वीच संपला होता. त्याने तो बाळ येशूच्या मूर्तीमागे जपून ठेवलेला आणि कधी उघडून बघितलाच नव्हता. आता नव्याने परीक्षा. परीक्षा घेणारा साहेब लाचिका, अंगाने काडी, बुटांना चकचकीत पॉलिश. तो म्हणाला, गाडी घेऊन या, परीक्षेत माझ्याशिवाय गाडीत एकही माणूस नको.

इथेच घोळ झाला. एकतीस वर्षांत आम्ब्रोने ती गाडी रिकामी कधी चालवलीच नव्हती. गावातून निघताना माणसं आणि कोबी, परतताना माणसं, तांदूळ, सिमेंट, आणि कोणाचं तरी डुक्कर. परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे मैदानापर्यंत गेलो, गेटशी उतरलो, आणि आत पहिल्यांदा ती गाडी एकटी गेली.

आत चढणीवर अर्ध्यात एक पांढरी रेघ होती. तिथे थांबायचं, मागे न घसरता पुन्हा निघायचं, वरून वळून खाली यायचं, आणि खालच्या रेघेला नेमकं थांबायचं. आम्ब्रोने सवयीने चोवीस माणसांच्या हिशोबाने पाय दाबला. मागची चाकं खडीवर जागच्या जागी फिरली, मग एकदम धरली आणि गाडी उडी मारून सुटली. रेघ कुठल्या कुठे राहिली. खाली येताना चोवीस माणसं थांबवायला जिथून ब्रेक लावतात तिथूनच त्याने लावला. गाडी रेघेच्या चार हात अलीकडे खाडकन थांबली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन नव्हतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला गाडी उसळली, आणि साहेबांचं डोकं छपराला दोनदा लागलं. हे आम्ही बाहेरून मोजलं.

लाचिका साहेब डोकं चोळत उतरले. म्हणाले, "आजोबा, तुम्ही एकतीस वर्षं नक्की काय चालवत होता?"

"साहेब, गाव," आम्ब्रो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी शेवटची संधी. त्यात नापास झाला तर वर्षभर परवाना नाही. वर्षभर आम्ब्रो घरी आणि आमची जीप उभी, कारण त्या घाटात दुसरा कोणी तिला हात लावायला तयार नव्हता. माणूस आठवड्यात खंगला. फेमिया सांगायची, रात्रीचा खुर्चीवर बसून नुसते पाय हलवतो.

परीक्षेच्या त्या दिवशी परत आल्यावर आम्ही त्यांच्या चुलीशी कॉफी घेत बसलो होतो. कोणीतरी विचारलं, "मानोंग, नेमकं बिघडलं कुठे?"

आम्ब्रो म्हणाला, "गार्दा नव्हती ना. मागच्या उजव्या चाकावर गार्दा बसली की चाक जमीन सोडत नाही. म्हणून तर तिला तिथे बसवतो. तिच्यासारखं वजन या गावात दुसरं नाही."

सगळे खो खो हसले. फेमियाच्या नाकातून कॉफी आली. मीही हसले, काय करणार. पण आतून माझं काळीज करपलं. बावीस वर्षं मी जिला मान समजत होते ती जागा म्हणजे वजन. मी म्हणजे सिमेंटचं पोतं. पाद्रीबाबांना उठवलं ते काही माझ्यासाठी नव्हतं, चाकासाठी होतं. मी कप खाली ठेवला आणि घरी गेले. जाताना कोणाला "येते" म्हटलं नाही.

दोन दिवसांनी फेमिया पाटी-पेन्सिल घेऊन दारात हजर. तिच्या डोक्यातून एक युक्ती निघाली होती. साहेबांना तिने विचारलं होतं, माणूस नको म्हणता, सामान चालेल का? साहेब म्हणाले, सामान काय वाटेल ते भरा. म्हणून आता नदीची वाळू पोत्यांत भरायची, प्रत्येक माणसाच्या वजनाइतकी, आणि ते पोतं त्याच्या त्याच्या जागेवर ठेवायचं. म्हणजे आम्ब्रोला वाटेल गावच बसलंय.

"तुझं वजन किती, गार्दा?"

गाजराचा काटा पंचायतीच्या पडवीत टांगलेला असतो, त्याला पाट बांधला की माणूसही बसतो. पण त्यावर चढायला एकही बाई तयार झाली नव्हती. सगळ्यांनी तोंडीच सांगितलं होतं.

"साठ," मी म्हटलं.

फेमियाने पेन्सिल थांबवली. माझ्याकडे बघितलं. माझं सगळं बघितलं, आणि त्याला जरा वेळ लागला.

"साठ?"

"साठ. लिही."

तिने लिहिलं. माझी बहीणच ती, तिला माझा स्वभाव माहीत आहे.

गुरुवारी शाळेच्या चढावर सराव ठेवला. चोवीस पोती, प्रत्येकावर कोळशाने नाव. अख्खा गाव बघायला. आम्ब्रोने टोपी नीट केली, पाय पुसले, गाडी काढली. वीस हात गेला असेल नसेल, थांबवली. उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारली, एकेका टायरकडे वाकून बघितलं.

"फेमिया," तो म्हणाला, "ही कुठल्या गावची माणसं भरलीस?"

"आपलीच आहेत की."

"आपली नाहीत. बाया सगळ्या उपाशी आहेत आणि पुरुष सगळे पैलवान आहेत. गाडी डावीकडे कलतेय. क्विरिनो गुरुजी, किती सांगितलंत?"

शाळेचे गुरुजी म्हणजे बांबूला सदरा घातलेला. ते म्हणाले, "ऐंशी."

"पुस्तकांसकट?"

लोक हसायला लागले. मग एकेकाची पाळी आली. आम्ब्रो पोत्याला हात लावायचा आणि सांगायचा, हिने आठ लपवले, याने पंधरा वाढवले. माणसं काट्यावर चढून येत होती आणि त्याचं म्हणणं किलोभराच्या फरकाने खरं ठरत होतं. बाया लाजत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या, पण चढत होत्या. वाळू इकडून तिकडे होत होती. शेवटी एकच पोतं राहिलं. मागे, उजवीकडे, दाराशी.

"गार्दा," आम्ब्रो म्हणाला, "ये."

"मी नाही येत."

"अगं, उद्या परीक्षा आहे."

"मग दुसरं वजन बघा ना. तुम्हाला पोतंच हवंय, पोती काय कमी आहेत? सिमेंटचं ठेवा. त्याला राग येत नाही."

फेमिया खाली बघायला लागली. आम्ब्रोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग गाडीत वाकला, माझ्या बाकाखालून तो कापडात बांधलेला दगड काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

"हा कशाचा आहे, माहीत आहे?"

"माझी टाच फोडायचा."

"तोमास गेला त्या वर्षी तू जेवत नव्हतीस," तो म्हणाला. "तोंडावर दिसत नव्हतं, तू सगळ्यांशी भांडत होतीस नेहमीसारखी. पण गाडीला कळत होतं. पावसाळ्यात मागचं चाक सरकायला लागलं. लोक म्हणाले, तिथे गाबिनोला बसव, तो जड आहे. मी म्हटलं नाही. तोमासची बायको आधीच एका घरात एकटी पडलीय, तिची गाडीतली जागा मी काढून घेणार नाही. म्हणून बाकाखाली दगड ठेवले. सात होते."

मी वाकून त्या दगडाच्या कापडाची गाठ चाचपली.

"मग तू जेवायला लागलीस. मी एकेक काढत गेलो. वर्षाला एखादा. कधी दोन वर्षं एकही नाही. हा शेवटचा राहिलाय, चार किलोचा. तू अजून पूर्ण पहिल्यासारखी झाली नाहीस."

"पहिल्यासारखी म्हणजे किती?" मी विचारलं.

"पंचाण्णव."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मी दगड उचललाच असता. मी नाक पुसलं, चप्पल काढली, तरातरा पडवीत गेले आणि अख्ख्या गावासमोर त्या गाजराच्या काट्यावर बसले. दोर करकरला. गुरुजींनी चष्मा वर करून आकडा वाचला.

"एक्याण्णव."

"बघ," आम्ब्रो म्हणाला, "चार कमी. मी काय म्हटलं?"

मी काट्यावर बसल्या बसल्या रडले. लोकांना वाटलं आकड्यामुळे. वाटू दे.

शुक्रवारी लाचिका साहेब या वेळी गाडीत बसायच्या आधी डोक्यावर हेल्मेट घालून आले. त्यांनी पोती बघितली, नावं वाचली. माझ्या पोत्याशी थांबले. त्यावर कोळशाने "गार्दा ९१" लिहिलं होतं आणि बाकाखाली दगड होता. "ही इतकी मागे का?" त्यांनी विचारलं. आम्ब्रो म्हणाला, "साहेब, हिच्या जिवावर चढतो मी."

आम्ही गेटशी उभे होतो. गाडी चढाला लागली. खडीवर आली. मागचं उजवं चाक बघत होते मी, दुसरं काही बघतच नव्हते. चाक हललं नाही. पांढऱ्या रेघेवर गाडी उभी राहिली, बोटभरही मागे न घसरता निघाली, वरून वळली आणि तिच्या नेहमीच्या जड चालीने खाली येऊन रेघेला नाक लावून थांबली. साहेब उतरले, हेल्मेट काढलं, आत डोकावून परत एकदा सगळ्या पोत्यांकडे बघितलं. मग कागदावर सही केली. म्हणाले, "आजोबा, गाव चांगलं आहे तुमचं. शांत बसतं."

"आज बसलंय," आम्ब्रो म्हणाला.

शनिवारी त्यांच्या अंगणात जेवण झालं. कोंबडी, खारवलेलं डुकराचं मांस, रताळी, घरची तांदळाची दारू. फेमिया माझ्या ताटात वाढत गेली आणि मी नको म्हटलं नाही. तोमास गेल्यापासून त्या अंगणात मी पहिल्यांदाच भाताची तिसरी वाढ घेतली. आम्ब्रो समोर बसला होता, स्वतःचं ताट सोडून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "काय बघताय? जेवा." तो जेवायला लागला.

सोमवारी गाजराची पोती घेऊन मी दाराशी गेले. माझ्या जागेवर कोणीतरी टेकलं होतं, त्याला आम्ब्रोने उठवलं. मी बसले आणि सवयीने टाच सांभाळून पाय आत घेतले. पाय सरळ आत गेले, पार मागच्या पत्र्यापर्यंत. बाकाखाली काही नव्हतं. मी पुढे बघितलं. आम्ब्रो आरशात बघत होता, पण रस्त्याकडे बघतोय असं दाखवत होता.

"बसले सगळे?" त्याने विचारलं.

"बसले," मी म्हटलं, आणि त्याने गाडी काढली.