सासरे पितर बसले ती आखाजी

माझं माहेर गिरणेकाठचं, चाळीसगावकडचं एक खेडं, आणि सासर धुळ्याचं. मध्ये आगगाडीचे दोनेक तास आणि पुढे बैलगाडीचा अर्धा दिवस. एवढ्याशा वाटेला मला तीन वर्षं लागली, कारण वाटेत माझे सासरे आडवे होते.

अक्षय्यतृतीयेला आम्ही खानदेशातली माणसं आखाजी म्हणतो. एखादी दिवाळी सासरी गेली तर लेक खपवून घेते, पण आखाजीला तिला माहेरी यावंच लागतं. भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो आणि मग आठ दिवस झोके, गाणी, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. त्या आठ दिवसांत लेकीला कोणी सकाळी उठ म्हणत नाही. माझा भाऊ तीन वर्षं तीनदा धुळ्याला आला आणि तीनदा एकटाच परत गेला.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. मी तेव्हा हसत नव्हते. माझ्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी वाजंत्री जेवायला बसले होते. सनईवाल्याच्या पानात नुकतीच पोळी पडलेली, तो काही उठला नाही, आणि माझ्या वडिलांची न् सासऱ्यांची गळाभेट वाजंत्रीशिवाय झाली. सासरे धुळ्याच्या कचेरीत कारकून होते. अपुरा कागद आला की शेरा मारून परत पाठवायचा, ही त्यांची नोकरी आणि हाच त्यांचा स्वभाव. भावाला त्यांनी सांगितलं, "व्याहीभेट अपुरी आहे. ती पुरी करा, मग मुलगी न्या."

वडील पहिल्या वर्षी आजारी होते आणि दुसऱ्या वर्षी वारले. दहाव्याला मला नेलं आणि त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसवलं. धड रडायलाही झालं नाही. आता भेटायला व्याहीच उरला नव्हता, पण तिसऱ्या वर्षीही सासरे म्हणाले, "वाईट झालं. तरी प्रकरण शिल्लक आहे." माझे यजमान वडिलांपुढे "हो" या अक्षरापलीकडे कधी गेले नाहीत, तेव्हा त्यांचा इथे काही उपयोग नाही.

चौथ्या वर्षी माझा भाऊ हट्टाला पेटला. त्यानं आठवडाभरासाठी वाजंत्री ठरवले, सनई, सूर आणि संबळ असे तिघे, आणि सासऱ्यांनाच आमंत्रण धाडलं. सासरे मला घेऊन स्वतः आले. निघतानाच त्यांनी हुकूम सोडला, "आखाजीच्या संध्याकाळी परत. दोन दिवस पुष्कळ झाले." गावातल्या साऱ्या लेकी खऱ्या रंगात येतात त्या आखाजीनंतर. मी मेलेल्या मनानं दोन लुगडी बांधली.

भावाची एक चूक झाली. मागचा प्रसंग पुन्हा नको म्हणून त्यानं वाजंत्र्यांना बजावलं की पाहुणे दिसले की वाजवायचं, दुसरं काही बघायचं नाही. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. सासरे गाडीतून उतरले, वाजलं. पाय धुतले, वाजलं. पहाटे तांब्या घेऊन नदीकडे निघाले, तर मागून तिघंही वाजवत निघाले, आणि वाटेतली माणसं वरात समजून बाजूला झाली. सासरे दोनदा थांबले, दोनदा मागे वळून पाहिलं. पण बंद करा म्हणावं तर तीन वर्षांचं भांडण वाजंत्रीवरूनच. ते तसेच पुढे गेले.

दोन दिवस भाऊबंदांकडे जेवणाची आमंत्रणं होती. चार घरं झाली. प्रत्येक घरी पुरणपोळी, रशी, कुरडया, रस, आणि दारात सनई. सासऱ्यांना खाण्याची आवड होती, हे मी मान्य केलं पाहिजे. भावानं त्यांना वाजतगाजत मिठीही मारली. मला वाटलं, मिटलं. सासरे उपरणं सारखं करत म्हणाले, "भेट रीतसर झाली. पण माणूस दुसरा आहे."

माझी आई हे सगळं दाराआडून ऐकत होती. व्याह्यासमोर तोंड उघडायचं नाही, पदर हनुवटीखाली आला पाहिजे, अशी तिची पद्धत. वडिलांशी मात्र ती जन्मभर भांडली. ते बिचारे ऐकून घेत आणि शेतात निघून जात.

आखाजीच्या दिवशी आमच्या घरी पितर बसवतात. म्हणजे घराबाहेरचा एक माणूस गेलेल्याच्या जागी पाटावर बसवायचा, घरानं त्याच्या पाया पडायचं आणि त्याला पोटभर वाढायचं. पितरानं जेवताना बोलायचं नाही. पानात पडेल ते टाकायचं नाही. शेवटी घरची बाई विचारते, पोट भरलं का, आणि त्यानं मान हलवली की मगच घरच्यांनी जेवायचं. धुळ्याला आमच्या सासरी नुसती घागर पूजतात आणि नैवेद्य दाखवतात. माणूस बसवत नाहीत.

वडिलांच्या जागी गावातले एक दूरचे मामा ठरले होते. ते त्या दिवशी आणखी तीन घरी पितर होते आणि तिसऱ्या घरीच आडवे झाले. निरोप आला तेव्हा भाऊ दुसरा माणूस शोधायला धावला. इकडे सासरे आंघोळ करून माजघरात आले. त्यांनी सगळ्यात मोठा पाट पाहिला, त्याभोवतीची सगळ्यात मोठी रांगोळी पाहिली, समई पाहिली, आणि हा मान दुसऱ्या कोणाचा असणार असं समजून बसून घेतलं.

भाऊ परत आला आणि दारातच खिळला. बसलेल्या व्याह्याला पाटावरून उठवणं म्हणजे माझी पुढची दहा वर्षं गेली. न उठवावं तर जिवंत माणूस मेलेल्याच्या जागी. आमचे चुलत आजोबा काठी टेकत पुढे झाले आणि निकाल देऊन मोकळे झाले, "पाटवर जो बठना तो पितर. आते उठाडता येवाव नही."

भावानं सासऱ्यांच्या कानात सांगितलं, "नाना, आता मान हलवेपर्यंत बोलायचं नाही, रीत आहे." सासऱ्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली. मग भावानं वडिलांचं नाव घेऊन पाणी सोडलं, आणि सारं घर एकेक करून सासऱ्यांच्या पाया पडलं. आपण कोण म्हणून बसलो आहोत हे तेव्हा त्यांना कळलं. चेहरा पिठासारखा झाला, ओठ हलले. पण मध्येच बोललं तर पितर उपाशी जातो आणि त्याचं पाप बोलणाऱ्याला लागतं, हे त्यांना ठाऊक असावं. नियम मोडणारा माणूस नव्हताच तो. त्यांनी पोळीचा घास मोडला.

आई रसाचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं हात वर केला तशी सनई थांबली. ती पाटासमोर बसली, आणि पदर मागे सारला. आम्ही सगळे गार पडलो.

"तीन आखाज्या व्हयन्यात, तुमनी पोर घर उनी नही," ती म्हणाली. "तुम्हीन तठे बठीसन काय करतस? जित्ता व्हतात तवय बी कोनाले शबद बोलनात नही. आते तरी बोला."

सासरे घास गिळायचे विसरले.

"त्या व्याहीसले वाजंत्री पाहिजे म्हने. मन्ही पोर काय वाजंत्रीपेक्षा हलकी शे का? तुम्हीन त्यासना सपनमा जा अन् सांगा." असं म्हणून तिनं वाटी रसानं भरली. सासऱ्यांनी ती संपवली. तिनं दुसरी भरली.

पाचव्या वाटीनंतर तिनं विचारलं, "पोट भरनं का, अन् पोर आठे ऱ्हाई का?"

पोटाचा आणि मला इथे ठेवून घेण्याचा, दोन्ही प्रश्न तिनं एका दमात विचारले. मान हलवली तर दोन्हींना हलणार, हे कारकुनाच्या डोक्यात लगेच शिरलं. सासऱ्यांनी मान ताठ धरली. आईनं सहावी वाटी भरली, मग सातवी. घरची माणसं उपाशी, वाजंत्री उपाशी, सगळे डोळे त्या एका मानेवर. मला त्या माणसाची दया येत होती आणि त्याच वेळी मी मनात आईला म्हणत होते, वाढ, अजून वाढ. नवव्या वाटीनंतर त्यांच्या कपाळावरचा घाम रसात टपकला. आईनं पळी उचलली. सासऱ्यांनी मान हलवली.

हात धुताच ते भावाला म्हणाले, "तो होकार माझा नव्हे. मी तिथे दुसऱ्याच्या नावानं बसलो होतो."

आई पुन्हा दाराआड गेली होती, पदर हनुवटीखाली. तिथून तिनं भावाला सांगितलं, "व्याहीसले सांग, त्यासले कोनी काही इचारं नही."

सासऱ्यांनी संध्याकाळी गाडी जुंपायला लावली. मीही गाठोडं बांधलं. आईनं ती गाठ घट्ट करून दिली. नदीकडून पोरींच्या गाण्यांचा आवाज येत होता, आणि मला तो ऐकवत नव्हता. सासरे दोघांच्या आधारानं गाडीत चढले, पोटावर हात ठेवून बसले. दारात वाजंत्री जोरात वाजवू लागले. मी गाठोडं आत ठेवलं आणि चाकावर पाय दिला.

"तू कुठे निघालीस?" सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझ्या बापानं ठेवून घेतलंय ना तुला."

त्यांनी गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं आणि गाडीवानाला चल म्हणाले. मी तिथेच, वाटेच्या मधोमध, वडिलांसाठी मोठ्यानं रडले. सनई-संबळाचा इतका गदारोळ चालला होता की कोणी मला गप्प बस म्हणालं नाही.