तिकिटातले पाहुणे

ल्युबिसावइतका चिक्कू माणूस आमच्या लेस्कोवात्स गावात दुसरा नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो आणि त्याला ते कौतुक वाटतं. जन्मापासूनचा शेजार आहे आमचा, तेवढा हक्क आहे मला. घेवडा शिजायला ठेवला की हा तो अर्धाकच्चा असतानाच शेगडी बंद करतो आणि भांडं गोधडीत गुंडाळून ठेवतो. वर्तमानपत्र टपरीसमोर उभं राहून वाचतो. टपरीवाली खेकसली की म्हणतो, बाई, मी फक्त मेलेल्यांची नावं बघतोय, त्याचे कसले पैसे?

पण शरदात मिरच्या भाजायची वेळ आली की याच माणसाच्या अंगणात सगळ्या गल्लीची पोती येऊन पडतात. लाकूड याचं, भट्टी याची, धूर याच्या डोळ्यांत, आणि पैशाचं नाव काढलं तर हा रागावतो. म्हणजे चिक्कूपणा फक्त स्वतःपुरता. कापडगिरणीत उमर घालवली, गिरणी बंद पडली, बायको गेली, पण गडी कधी रडगाणं गायला नाही. मी दिवसातून चारदा गातो, म्हणून आमचं जमतं.

त्याला एकच बहीण, वुकोसावा, थोरली. आई लवकर गेली तेव्हा तिनंच याला कडेवर घेऊन वाढवला. पुढे लग्न करून नवऱ्याबरोबर म्युनिकला गेली. नवरा दोब्रिवोये कारखान्यात, ही इस्पितळात साफसफाईला. दर उन्हाळ्यात गाडी भरून दोघं यायची. आपल्यापैकी कुणी तिकडे जावं हे आमच्या कुणाच्या टाळक्यातच आलं नाही. यायचं तिनं आणि वाट बघायची आम्ही, असंच चालत आलं होतं.

दोब्रिवोये वारल्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तरी ती त्याच्या घराण्याची स्लावा नेमानं पाळत होती. स्लावा म्हणजे आपल्या कुळाच्या संताचा दिवस. मेणबत्ती लावायची, गहू शिजवायचा, गोल पाव भाजायचा, तो सगळ्यांनी हात लावून फिरवायचा आणि मोडायचा. आणि या दिवसाचं आमंत्रण नसतं. आमंत्रण दिलं तर ती स्लावाच नव्हे. ज्याला आठवण असते तो येतो, आणि दारात आलेल्याला तू कशाला आलास असं विचारायची सोय नाही. दोब्रिवोयेचा संत निकोला, डिसेंबरच्या एकोणिसाव्या तारखेचा, ऐन नाताळाआधीच्या उपासातला, तेव्हा मांस वर्ज्य. म्हणून टेबलावर मासे, घेवडा आणि आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची आमची चटणी.

नोव्हेंबरात वुकोसावाचा फोन आला. गुडघ्यांचं, थंडीचं बोलून झाल्यावर म्हणाली, "यंदा मी पाव भाजणार नाही रे. गेल्या वर्षी टेबल मांडून संध्याकाळपर्यंत बसले, दाराची घंटासुद्धा वाजली नाही. पुढे चालवायला तरी कोण आहे? माझ्यापाशीच संपू दे."

ल्युबिसाव फोन ठेवून तडक माझ्याकडे आला. कॉफी दिली ती त्यानं पूर्ण प्यायली नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे, कारण फुकटची कॉफी हा माणूस तळाच्या गाळापर्यंत पितो. म्हणाला, तिच्या घरातली मेणबत्ती विझली तर तिच्यापाशी उरतं काय? चार भिंती आणि गुडघे. आणि इतकी वर्षं ती टेबल मांडत होती, आपण इथं बसून फोनवर शुभेच्छा देत होतो. लाज वाटली पाहिजे आपल्याला.

मी म्हटलं, मग कळव तिला की येतो. तर माझ्यावरच उखडला. कळवणं म्हणजे आमंत्रण मागणं, आणि वर ती म्हणणार की पैसे उडवू नकोस. नाही, न सांगता जायचं. सकाळी दारात उभं राहायचं. पाहुणा दारात आला की तिला मेणबत्ती लावावीच लागेल.

मग सुरू झाली म्युनिकची मोहीम. पहिल्यांदा आम्ही चौकातल्या प्रवास कंपनीत गेलो. तिथल्या बाईनं विमानाचा भाव सांगितला, नाताळच्या बाजारांचे दिवस, सगळं जग तिकडे निघालेलं. ल्युबिसावनं तो भाव शांतपणे ऐकला. मग तिनं हॉटेलचा भाव सांगितला. यानं टोपी काढली आणि विचारलं, "हा महिन्याचा का?"

"एका रात्रीचा, काका."

बाहेर येऊन तो टोपी घालून तडक घराकडे चालू लागला. मला वाटलं, सुटलो. पण तो खचणाऱ्यातला नव्हताच. गल्लीभर चौकशी केली, जर्मनीत ज्याचं कुणी आहे त्याचं डोकं खाल्लं, आणि आठवड्याभरात सगळी योजना तयार. जायचं ग्रादिमिरच्या गाडीतून. हा ग्रादिमिर नऊ माणसांची गाडी घेऊन दर आठवड्याला म्युनिकला जातो, निम्मी माणसं नेतो आणि निम्म्या आयवारच्या बरण्या, घरच्यांनी मुलाबाळांना पाठवलेल्या. ल्युबिसावनं त्याला गाठून ठरवलं की बरण्या आम्ही मांडीवर धरतो, एकही फुटू देत नाही, पण भाडं निम्मं. दोन मांड्या दोन माणसांच्या लागतात, म्हणून मला बरोबर घेतलं. मी नको म्हणालोच नाही असं नाही, पण ऐकतो कोण?

झोपायला त्यानं तरुण पोरंपोरी उतरतात तसल्या ठिकाणी आठ खाटांच्या खोलीतल्या दोन खाटा घेतल्या. मी म्हटलं, अरे, सख्खी बहीण आहे ना तिथं? तर म्हणे, स्लावेचा पाहुणा खातो, पितो आणि उठतो. बिछाना मागत नाही. पैसे आगाऊ भरले, परत न मिळणारे, कारण तेच सगळ्यांत स्वस्त.

आणि गावात फिरायला? इथं तर त्यानं कमाल केली. कुणीतरी त्याला सांगितलं की म्युनिकला पाच जणांत मिळून बस-रेल्वेचं दिवसभराचं एकच तिकीट निघतं, पाच जणांनी बरोबर राहायचं आणि दिवसभर कुठंही जायचं. ते ऐकल्यापासून ल्युबिसावला झोप लागेना. दोघांसाठी पाचांचं तिकीट घेणं म्हणजे तीन माणसं वाया घालवणं.

अठराव्या तारखेला दुपारी निघालो. माझ्या बायकोनं रिवाजाप्रमाणे गाडीमागं तांब्याभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. ल्युबिसाव खिडकीतून म्हणाला, अर्धा तांब्या पुरला असता. त्याच्या मांडीवर बरण्या होत्या, पायाशी घरच्या गव्हाचा डबा, आणि कोटाच्या आत गावच्या देवळातली लांब मेणबत्ती. तिच्यासाठी वेगळा खोका घ्यायचा खर्च त्यानं वाचवला होता. माझ्या पिशवीत तळाशी सॉसेज होतं. उपास त्याचा, माझा नव्हे. सीमेवर सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या आणि नेमकं माझं सॉसेज कचऱ्यात गेलं, कारण मांस पलीकडे नेता येत नाही. ल्युबिसाव पुढचे दोन देश हसत होता. म्हणे, संत निकोलानं बघितलं.

प्रवासात त्यानं तिकिटासाठी माणसं जमवली. एक पेर्सिदा आजी, नातवाकडे निघालेली, तोंडानं तिखट. एक बोझिन गवंडी, भावाकडे कामाला चाललेला, गुडघ्यांत घेवड्याचं पातेलं घट्ट धरून बसलेला. आणि तियाना नावाची मुलगी, नर्सच्या नव्या नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडलेली, निम्मा रस्ता रडलेली. प्रत्येकाला ल्युबिसावनं हिशेब समजावला की वेगवेगळं गेलात तर लुटले जाल, माझ्याबरोबर आलात तर चिल्लरीत काम. तिघंही आपल्याच मुलखातली, चिल्लर म्हटल्यावर लगेच कबूल झाली.

सकाळी म्युनिकला उतरलो, तिकीट काढलं, आणि तेव्हा कुठं बोझिनच्या लक्षात आलं. तो म्हणाला, पत्ते तर चौघांचे चार दिशांना. तुम्ही बहिणीकडे उतरलात की तिकीट कुणाकडे? तुमच्याकडे राहिलं तर आम्ही अडकलो, आमच्याकडे दिलं तर तुम्ही.

ल्युबिसाव स्टेशनात उभा राहिला. अख्ख्या मोहिमेत हे एकच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, झालं, आता पाच जण आयुष्यभर एकत्र फिरा. पेर्सिदा आजी म्हणाली, आधी मला पोचवा. तियानाचा चेहरा पुन्हा रडवेला. शेवटी ल्युबिसाव म्हणाला, "आज निकोलाचा दिवस आहे. आधी सगळे माझ्या बहिणीकडे. मेणबत्ती लागली की एकेकाला दारापर्यंत पोचवतो, शब्द देतो."

ती राहत होती तिसऱ्या मजल्यावर. ल्युबिसावनं जिन्यात केस सारखे केले, कोटातली मेणबत्ती काढली, तर तिचे मधोमध दोन तुकडे. त्यानं ते दोन्ही हातांत नुसते धरले. घंटा मलाच वाजवावी लागली.

वुकोसावानं दार उघडलं. अंगावर घरातला जुना झगा, हातात फडकं. आत बघितलं तर टेबल रिकामं, घर नुसतं स्वच्छ. खरंच काही केलं नव्हतं तिनं. मला वाटलं होतं बोलली तरी करेल, पण नाही. तिनं भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं, पण बाई कडक, पहिला शब्द रागाचाच आला.

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणीच नाही," ल्युबिसाव म्हणाला. "म्हणून तर आलो, ताई."

मग त्याच्या खांद्यावरून तिला मागचे दिसले. मला ती ओळखत होती. बाकीच्यांकडे बोट करून म्हणाली, "आणि हे?"

"हे तिकिटातले."

आधी पेर्सिदा आजी हसली, मग आम्ही सगळे, जिना भरून. वुकोसावा दाराला टेकून हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मग तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, आत या, थंडी आत येते.

पुढं जे झालं त्याला पाहुणचार म्हणायचं की धाड, कोण जाणे. पाव नाही कळल्यावर पेर्सिदा आजीनं बाह्या सारल्या आणि विचारलं, पीठ कुठाय? वुकोसावा म्हणाली, माझ्या घरात मी मळीन. दोघी एकाच परातीवर भांडत मळत होत्या. बोझिननं भावासाठी आणलेल्या घेवड्याचं पातेलं न विचारता शेगडीवर ठेवलं. भावाला काय सांगशील म्हटलं तर म्हणे, त्यालाही इथं यायचं होतं, त्याला आठवण नव्हती एवढंच. तियाना खाली जाऊन मासे घेऊन आली आणि ल्युबिसावनं भाव विचारला नाही. मी ते मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. तो खिडकीशी बसून मेणबत्तीचे तुकडे गरम करून जोडत होता. जोडली, पण वाकडी.

पाव ओव्हनमधून निघाला तोवर दुपार टळली होती. घेवड्याच्या वासानं वरच्या मजल्यावरची तुर्की शेजारीण बशी घेऊन खाली आली. म्हणाली, मला वाटलं यंदा विसरलात. वुकोसावा तिच्याकडे बघतच राहिली. दरवर्षी उरलेलं ती हिला नेऊन द्यायची, आणि ही त्या दिवसाची वाट बघते हे तिला माहीतच नव्हतं. शेजारणीला ओढून टेबलाशी बसवली. वाकडी मेणबत्ती लावली. दोब्रिवोयेचं नाव घेतलं. मग पावाभोवती सगळ्यांचे हात आले, गवंड्याचे, आजीचे, माझे, त्या पोरीचे, शेजारणीचे, आणि पाव फिरला. वुकोसावानं आपला तुकडा लगेच खाल्ला नाही, नुसता हातात धरून बसली.

जेवताना आठ खाटांच्या खोलीची गोष्ट माझ्या तोंडून गेली. मग मात्र तिनं भावाला असा फैलावर घेतला की विचारू नका. सख्खी बहीण जिवंत असताना? पोराटोरांबरोबर? गाद्या पडल्यात माळ्यावर. ल्युबिसाव मान खाली घालून बसला, पण मला माहीत आहे, तो आगाऊ भरलेल्या पैशांचं दुःख करत होता. आजही करतो.

अंधार पडायला लागला तसे उठलो. तिकीट दिवसभराचं, तिघांना एकेक करून पोचवायचं होतं. पेर्सिदा आजीनं वुकोसावाचे मुके घेतले. बोझिन रिकामं पातेलं घेऊन उभा. तियाना दारातच घुटमळली आणि हळूच विचारलं, सुटीच्या दिवशी आले तर चालेल का? वुकोसावानं तिच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि म्हणाली, आधी जेवायचं नीट, मग विचारायचं.

आम्ही जिना उतरायला लागलो तेव्हा ती कठड्यावरून वाकली.

"आत्ताच सांगून ठेवते सगळ्यांना," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी कोणालाही बोलावणार नाही."

पेर्सिदा आजीनं मान डोलावली. ल्युबिसाव पायरीवर थांबून कोटाची बटणं लावायला लागला. ती सगळी लागलेलीच होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला टोमणा मारला नाही, तिकीट त्याच्या खिशातून काढून घेतलं आणि पुढं झालो.