कोणाची ओळ ठेवायची

गोदामात सगळे त्याला धाकटा म्हणत. केस पिकले, मुलीला मुलगी झाली, तरी तो धाकटाच राहिला, कारण त्याचा थोरला भाऊ त्याच गोदामाचा मुख्य होता. त्या भावाला सगळे दादा म्हणत, आणि दादा म्हणेल ती पूर्व दिशा. धाकट्याची शाळा, नोकरी, बायको, सगळं दादाने ठरवलं. खरं सांगायचं तर त्यातलं काहीच वाईट निघालं नाही. म्हणून तर सवय सुटली नाही.

गोदाम लहान मुलांच्या लसींचं होतं. जाड दारामागे थंड खोली, आणि दारावर एक घंटा. आतलं तापमान मर्यादेबाहेर गेलं की कॉम्प्युटर ती घंटा वाजवी. तो प्रोग्राम दादाच्या मुलीने लिहिलेला. ती दूर दुसऱ्या शहरात नोकरी करायची. दर वेळी येणं जमेना, म्हणून तिने काकालाच शिकवायला घेतलं.

"काका, फाइलला 'नवीन', 'एकदम नवीन', 'हीच खरी' अशी नावं देणं आता बंद," ती फोनवर म्हणाली.

"आणि जुनं हरवलं तर?"

"काही हरवत नाही. कोणी काय बदललं, कशासाठी बदललं, सगळं राहतं. त्यालाच व्हर्जन कंट्रोल म्हणतात."

"म्हणजे चोर पकडायची सोय."

"चूक पकडायची. आपल्या घरात दोन्ही एकच समजतात, ते सोडा."

धाकटा हसला. हळूहळू त्याला ते जमू लागलं, आवडूही लागलं. प्रत्येक बदलाखाली तो एक वाक्य लिही, शाळेत शुद्धलेखन लिहावं तसं नीटनेटकं. पुतणीने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर मशीन थांबतं, दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि विचारतं, कोणाची ठेवू? "तेव्हा ओळ वाचायची, काका. माणूस बघायचा नाही."

"हो," धाकटा म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणत असे.

त्या सुमारास थंड खोलीचं यंत्र बिघडत चाललं होतं. नको तितकी थंडी करी आणि घंटा उठसूट वाजे. दादाने उमेदीची वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेली. तो वैतागून म्हणाला, "थंडी जास्त झाली म्हणून कधी काही नासलंय? नासतं ते उन्हाने." आणि त्याने आपल्या कॉम्प्युटरवर ती ओळ बदलली: पारा शून्याच्या खूप खाली गेला तरच घंटा. तिकडे पुतणीनेही नेमकी तीच ओळ बदलली होती, पण उलट. खोली गोठायच्या बरीच आधी घंटा व्हावी, धावपळ करायला वेळ मिळावा.

दोघांचं एकत्र करायचं काम धाकट्याकडे होतं. मशीन थांबलं. वर दादाची ओळ, खाली पुतणीची, आणि दोघांची नावं. त्याने ओळी वाचल्या नाहीत असं नाही. वाचल्या, आणि मग नावं वाचली. बापाचं खोडून लेकीचं ठेवायचं? त्याने खालची ओळ पुसली. खुलाशाच्या जागी लिहिलं, "दादाचं ठेवलं." पहिल्यांदाच कोणाला न विचारता जमलं, म्हणून चहाच्या वेळी चारचौघांत सांगितलंसुद्धा.

घंटा गप्प झाली.

"मेली गेली एकदाची, कान किटले होते," डबे भरणारी बाई म्हणाली.

सगळे खूश होते. धाकट्याला मात्र चैन पडेना. तान्हं मूल असलेल्या घरात बराच वेळ रडण्याचा आवाज आला नाही की जसं वाटतं, तसं त्याला त्या दारापाशी वाटू लागलं. दोनदा त्याने दाराला कान लावला, आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून मागे बघितलं.

शेवटी एका दुपारी तो आत गेला. यंत्राजवळच्या फळीवर बर्फाची पांढरी साय धरली होती. त्याने एक बाटली हातात धरून ऊब दिली, हलवली आणि उजेडात धरली. चांगली लस दुधासारखी एकसारखी गढूळ राहते. हिच्यात बारीक कण झाले आणि सावकाश तळाला बसले. दुसरीतही तेच.

याच फळीवरचे डबे काल दवाखान्यांत गेले होते. त्यातला एक दवाखाना त्याच्या मुलीच्या घराजवळचा, आणि नातीला याच आठवड्यात टोचायचं होतं.

बाहेर येऊन त्याने त्या ओळीचा इतिहास उघडला. शेवटचं नाव दादाचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. त्याने पुतणीची ओळ परत घातली. घंटा तत्काळ वाजू लागली, आणि दादा आला.

"बंद कर ते."

"आत गोठलंय, दादा. लस फुकट गेली."

धाकट्याने बाहेर आणलेली बाटली दादाने उजेडात धरून पाहिली. "कालचे डबे?"

"गेले."

"मग तुझ्या पोरीला फोन कर. म्हणावं, नातीला दुसरीकडे टोचून घे. बाकी कुठे बोलू नकोस. लोक उगाच बिथरतात."

"आणि बाकीची पोरं?"

"या लसीने अपाय होतो का?"

"नाही. काहीच होत नाही. तोच अपाय."

त्याने मुलीला फोन लावला.

"झालं की, बाबा, सकाळीच," ती म्हणाली. "थोडी रडली, आता झोपलीय. डॉक्टर म्हणाले, आता या आजाराची काळजी नाही."

"तिला परत टोचावं लागेल. संध्याकाळी येतो, सगळं सांगतो. तोवर बाहेर कुठे नेऊ नकोस."

"का? काय झालं?"

धाकट्याने फोन ठेवला. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरचं झालं ना? बास आता."

धाकटा हो म्हणाला नाही. त्याने पहिल्या दवाखान्याचा नंबर फिरवला.

मागे दादाने घंटेची तार उपटली. एकदम इतकं शांत झालं, की पलीकडे वाजणारा फोन डबे भरणाऱ्या बाईलाही ऐकू येत होता. तो वाजत राहिला. तिकडे कोणी उचलत नव्हतं.